वेंडेलच्या सात बंदुका

घरसामान हलवणाऱ्या कंपनीतली मुलगी फोनवर यादी वाचत होती. आवाज कोवळा होता आणि यादी तोंडपाठ. "रंगाचे डबे, मॅम? गॅसची टाकी? ब्लीच? कुंडीतली झाडं? यातलं काही आम्ही दुसऱ्या राज्यात नेत नाही." आर्लीन प्रत्येकाला नाही म्हणत होती आणि मानेत फोन धरून खणातले चमचे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "बंदुका? काडतुसं?" "नाही," आर्लीन म्हणाली. "छान," मुलगी म्हणाली आणि पलंग किती, आरसे किती, हे विचारायला लागली. फोन ठेवल्यावर आर्लीनच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. पण ती दचकली खोटं बोलण्याने नाही, त्या 'नाही'ने. काय सहज आलं होतं! कुठे अडखळणं नाही, घसा खाकरणं नाही. वर्षानुवर्षं एकाच वाटेने चालून पायवाट गुळगुळीत व्हावी तसं. दरवर्षी डॉक्टरकडे तपासणीला गेलं की नर्स कागदाकडे बघत विचारायची, घरी सुरक्षित वाटतं का? त्यावरचं तिचं 'हो' असंच यायचं. आणि ते खोटंही नसायचं. वेंडेलने तिच्या अंगाला कधी बोट लावलं नाही. बेचाळीस वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही.

त्या सात बंदुका खाली तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारच्या हिरव्या लोखंडी कपाटात होत्या. वेंडेल ऑक्टोबरात गेला. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, हातात बटाट्यांची पिशवी असताना, एका क्षणात. तेव्हापासून तिने आठवड्याला दोनदा त्या कपाटाच्या शेजारी उभं राहून चादरी धुतल्या होत्या आणि कपाटाकडे एकदाही मान वळवली नव्हती. चर्चमध्ये त्याच्यासाठी इतकी माणसं आली की मागे उभं राहावं लागलं. वेंडेल घरं तापवण्याच्या भट्ट्या दुरुस्त करायचा, आणि डेटन शहराच्या पूर्वेकडे असं घर नव्हतं जिथे जानेवारीच्या थंडीत तो फुकट धावून गेला नव्हता. पाद्री म्हणाले, "वेंडेल हॅवरकँपने कुणावर आवाज चढवल्याचं या खोलीतल्या एकालाही आठवतंय का?" माणसं रडता रडता हसली. आर्लीनही हसली. तिलाही आठवत नव्हतं.

तिला आठवत होतं ते वेगळं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पॉला चार वर्षांची, रॉडनी अजून उंच खुर्चीत बसून भरवून घेणारा. लग्नाचे झगे मापात करून देणाऱ्या दुकानात ती आठवड्यातले तीन दिवस जायची. मालकीण म्हणाली, शनिवारीही ये, नवऱ्या मुली शनिवारीच येतात. जेवताना आर्लीनने विषय काढला. वेंडेल जेवत राहिला. बशा उचलून झाल्यावर त्याने टेबलावर जुना टॉवेल पसरला, खाली गेला आणि हरणाच्या शिकारीची रायफल घेऊन आला. तेलाची बाटली, चिंध्या, लांब सळई. नळीचं तोंड फ्रिजकडे. नेहमी फ्रिजकडे, तिच्याकडे कधीच नाही, तो सावध माणूस होता. शांतपणे, एकेक भाग पुसत, तो मान वर न करता म्हणाला, "काहीतरी सांगत होतीस ना शनिवारचं? सांग की." ती ओट्याशी उभी होती. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. "काही नाही," ती म्हणाली. "बघ बाबा," वेंडेल म्हणाला, "मग म्हणशील, मी ऐकून घेत नाही."

इतकंच. याला काय म्हणायचं, हे तिला पुढे कधी सुचलं नाही. एकदा तिने धाकट्या बहिणीला सांगून पाहिलं होतं. बहीण केस रंगवत बसली होती. "म्हणजे तो बंदूक साफ करतो?" बहीण म्हणाली. "अगं, बंदूक असली की साफ करावीच लागते. माझ्याकडचा तर तशीच गंजत ठेवतो." मग दोघी हसल्या होत्या. खरंच, शब्दांत मांडलं की त्यातून जीवच निघून जायचा. नवरा टेबलाशी बसून बंदूक पुसतो. बस. पण तिचा भाऊ आजारी पडला आणि तिला त्याच्याकडे महिनाभर जायचं होतं तेव्हा टॉवेल पसरला गेला. पॉलाला शाळेच्या गाण्याच्या चमूबरोबर शिकागोला जायचं होतं तेव्हा पसरला गेला. नवी गाडी, जुनं कर्ज, तिच्या आईला घरी आणायचं की नाही, सगळं त्या टॉवेलवर मिटलं. पुढे पुढे तर तो विचारायचाही नाही. तिला कळायचं की आपण एक वाक्य जास्त बोललो आणि तेवढ्यात तळघराच्या जिन्यावर त्याची पावलं वाजायची, घाई नसलेली, हलकी. तेलाचा वास मात्र राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्याला तो वास, पावाला तो वास. दुकानात गुडघ्यांवर बसून एखाद्या नवऱ्या मुलीच्या झग्याचा घेर टाचताना तिला मध्येच वाटायचं, आपल्या बोटांचा वास या पांढऱ्या कापडाला लागेल. ती दुकानात पुन्हा पुन्हा हात धुवायची. मालकीण कौतुकाने म्हणायची, आर्लीनसारखी स्वच्छ बाई मिळणार नाही.

पॉला अठराव्या वर्षी मॅसॅच्युसेट्सला शिकायला गेली ती तिकडचीच झाली. का गेली, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आर्लीननेही विचारलं नाही. आता ती म्हणत होती, वूस्टरला माझ्याकडे ये, मागची खोली तुझी. अट एकच. "एकही नाही, आई," ती फोनवर म्हणाली होती. "इकडे परवाना लागतो, पोलिसांकडे जावं लागतं, ते सगळं बाजूला ठेव. परवाना घरपोच आणून दिला तरी नाही. एकही या घरात येणार नाही." आणि रॉडनी? बापाच्या शवपेटीशेजारी उभं राहून त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या लहानपणातली सगळ्यात चांगली आठवण म्हणजे जेवण झाल्यावर बाबांच्या शेजारी टेबलाशी बसणं, ते बंदूक साफ करायचे, मी चिंध्या द्यायचो. दोन्ही मुलं एकाच टेबलाशी वाढली होती. आर्लीनने पॉलाकडे बघितलं होतं तेव्हा पॉला आपल्या बुटांकडे बघत होती.

कंपनीचा फोन आला त्या मंगळवारी चमचे तसेच टाकून तिने रॉडनीला फोन केला. रविवारी ये आणि घेऊन जा, म्हणाली. हे तिला सोपं वाटलं. कंपनी नेणार नाही, पॉला घेणार नाही, मुलाला हव्यात. ठरवण्यासारखं यात काही नव्हतंच.

रविवारी चर्च आटोपून रॉडनी ट्रक घेऊन आला. बरोबर शॉना होती, त्याची बायको. लग्नाला तीन वर्षं झालेली, बारीक चणीची, पूर्वी दवाखान्यात रक्त काढायचं काम करणारी. रॉडनी दारातूनच ओरडला, "म्हातारे, शस्त्रागार उघड! सैन्य आलंय." तो बापासारखाच रुंद होता आणि बापापेक्षा कितीतरी बोलका. त्याच्या हसण्याने रिकामं होत चाललेलं घर पुन्हा भरल्यासारखं झालं, आणि आर्लीनला बरं वाटलं. तिने किल्ली दिली. तो जिना दणाणत खाली गेला. शॉना वरच थांबली. आर्लीनने कॉफी ओतली, ॲपल पाय कापला. खालून रॉडनीचे आवाज येत होते, "अरे, ही तर आजोबांची! आई, ही आजोबांची ना?"

"तू नर्सिंगचा कोर्स घेणार होतीस ना या उन्हाळ्यात?" आर्लीनने शॉनाला विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो. राहून गेलं."

"का गं?"

"आमचं बोलणं निघालं होतं एकदा. मग..." शॉनाने काट्याने पायचा तुकडा बशीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेला. "काही नाही."

आर्लीनचा कप हातातच राहिला. ते 'काही नाही' तिने ओळखलं. त्यातला स्वर, शेवटच्या अक्षरावरचं ते हलकं बंद होणं. स्वतःचा जुना फोटो दुसऱ्याच्या घरात भिंतीवर टांगलेला दिसावा तसं झालं. तिने आवाज खाली आणला. "त्याच्याकडे आहे का एखादी?"

"एक आहे. पिस्तूल."

"साफ करतो?"

शॉनाने पहिल्यांदा वर बघितलं.

"कुठे बसून करतो, शॉना?"

"टेबलापाशी," शॉना म्हणाली. आणि मग घाईघाईने, जणू आर्लीनच त्याच्यावर आळ घेत होती, "तो काही करत नाही हो. खरंच. नुसती साफ करतो."

जिन्यावर पावलं वाजली. रॉडनी दोन्ही हातांत एकेक रायफल घेऊन वर आला, गाल लाल, डोळ्यांत खरंच पाणी. "बाबांचा वास येतोय गं याला," तो म्हणाला.

"खाली ठेव त्या," आर्लीन म्हणाली.

"कुठे? टेबलावर?"

"टेबलावर नाही!" ती इतक्या मोठ्याने बोलली की शॉना खुर्चीतून अर्धी उठली. "खाली. कपाटात. मी त्या द्यायच्या नाहीत असं ठरवलंय."

रॉडनी हसला. मग हसायचा थांबला. "पॉलाने भरवलं ना डोक्यात? ती तिकडे झाडपाला खाऊन राहते, तिला काय कळतंय यातलं?"

"पॉलाचा संबंध नाही."

"मग? बाबा मला म्हणाले होते, या तुझ्या. दहा वेळा म्हणाले होते. आई, अगं तूच फोन करून बोलावलंस ना मला?"

सांगायला काय लागत होतं? एक वाक्य. तुझे बाबा याने मला गप्प करायचे आणि आता तू हिला करतोस. वाक्य तयार होतं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते तोंडाशी संपूर्ण आलं होतं. पण टेबलाच्या पलीकडे शॉना उभी होती आणि नकळत, अगदी बारीक, मान हलवत होती. नाही. नको. शॉनाला याच ट्रकमध्ये बसून याच माणसाबरोबर घरी जायचं होतं. हे सासूला कुणी सांगितलं, हे कळायला रॉडनीला कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंतही वेळ लागला नसता. आर्लीनने ते वाक्य गिळलं आणि जे पहिलं सापडलं ते पुढे केलं. "मला विकायच्या आहेत. मला पैसे हवेत."

रॉडनीने तिच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा त्याने हात उगारलेला परवडला असता. "पैसे," तो म्हणाला. "बाबांना जाऊन वर्ष नाही झालं." तो रायफली घेऊन खाली गेला आणि, बापाचाच मुलगा तो, व्यवस्थित कपाटात लावून, कुलूप घालून, किल्ली ओट्यावर ठेवून निघाला. दारात म्हणाला, "किती हवे होते ते सांगितलं असतंस तर दिले असते." शॉना त्याच्या मागून गेली. पायची बशी तशीच होती.

सोमवारी आर्लीनने शॉनाला फोन केला, रॉडनी कामावर असेल अशा वेळी. वाक्य तिने कागदावर लिहून ठेवलं होतं. "माझ्याबरोबर वूस्टरला चल. पॉलाला मी सांगेन. खोली दोघींना पुरेल." मग शॉनाने विचारलं, टोमणा म्हणून नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून, "तुम्ही सोडून गेलात का कधी?"

"नाही."

"मग मला कसं सांगता?" शॉना म्हणाली. मग ती आणखी म्हणाली, "आणि त्या दिल्या नाहीत ते बरं केलंत, पण आर्लीन, सात काय आणि एक काय. एक पुरते."

तरी आर्लीनने त्या सातांचा ध्यास घेतला. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या भागात ठेवून ती प्रथम बंदुकांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा होता, वेंडेलला ओळखणारा. एकेक उचलून तो मायेने निरखत होता. "वेंडेलचा हात," तो म्हणाला. "बघा, कुठे गंजाचा ठिपका नाही. अशी निगा राखणारा माणूस आता बघायला मिळत नाही, मिसेस हॅवरकँप." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "रॉडनीला नकोत? मी त्याला एक फोन करतो. घरातली चीज घरातच राहिलेली बरी." त्याने हे भलेपणाने म्हटलं होतं. सगळे भलेपणानेच म्हणत आले होते. आर्लीनने सातही परत चादरीत गुंडाळल्या. पोलीस ठाण्यात फोन केला तर तिथला माणूस नम्रपणे म्हणाला की ठेवून घेऊ, मॅम, पण चांगल्या स्थितीतल्या असतील तर पुढे लिलावातही जाऊ शकतात. चांगल्या स्थितीतल्या! वेंडेलने त्यांना अशा राखल्या होत्या की त्यांना मरणही येत नव्हतं. तिला हसू आलं, आणि ते इतकं कडवट होतं की तोंड धुवावंसं वाटलं.

शेवटी झग्यांच्या दुकानातल्या जुन्या मालकिणीने सांगितलं की तासाभराच्या अंतरावर एक मेनोनाइट चर्च आहे, ते लोक युद्ध-बिद्ध मानत नाहीत, वर्षातून एकदा नको असलेल्या बंदुका घेऊन कापून टाकतात. जूनमधल्या शनिवारी ती गेली. चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग होती. कातडी एप्रन घातलेले दोन-तीन म्हातारे, टेबलावर लोखंड कापायचं मशीन, ठिणग्या. आर्लीनच्या पुढे एक बाई होती. तिने एकच पिस्तूल आणलं होतं. भुरकट कागदी पिशवीत, पोलिसांनी परत दिलं तसंच. त्यातलाच एक म्हातारा, हर्शबर्गर नावाचा, तिच्या गाडीच्या खिडकीशी वाकून हळू आवाजात बोलला. बाई म्हणाली, माझा मुलगा. एवढंच. पातं फिरलं, ठिणग्या उडाल्या आणि ती बाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. आणखी दोन बायका जाऊन तिच्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

मग आर्लीनची पाळी. हर्शबर्गरने मागचं दार उघडून सातही रिकाम्या आहेत ना ते तपासलं आणि खिडकीशी आला. "फार जपलेल्या दिसतात," तो म्हणाला. "बोलायचं नसेल तर नका बोलू. पण कुणाला सांगायचं असतं. यांनी काही... काही झालं होतं का तुमच्या घरी?"

आर्लीनने त्या पुढच्या बाईच्या गाडीकडे बघितलं. तिला शरम वाटली. कुणी मेलं नव्हतं. छताला भोक पडलं नव्हतं. बेचाळीस वर्षांत त्या घरात एक गोळी सुटली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "काही झालं नाही." हर्शबर्गरने मान हलवली, पण तो हलला नाही. त्याचे हात खिडकीच्या कडेवर होते, काजळलेले, नखं तुटलेली. "काही होऊच दिलं नाही त्यांनी," आर्लीन म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. शनिवार नाही, भाऊ नाही, शिकागो नाही, आई नाही. म्हातारा काही समजल्यासारखं न दाखवता म्हणाला, "मग सातही कापू ना?" "सातही," ती म्हणाली. एकेकाला दीड-दोन मिनिटं लागली. तिने सगळं बघितलं. तिला सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. फक्त पाचवी कापली जात असताना तिला वेंडेलची मान आठवली, वाकलेली, दिव्याखालची, मागून थोडी विरळ होत चाललेली, आणि त्या मानेवर तिचा अजून जीव होता. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

जुलैत ती वूस्टरला गेली. पॉलाने मागची खोली रंगवून ठेवली होती. मायलेकी सकाळी एकत्र कॉफी प्यायच्या, संध्याकाळी टेकडीपर्यंत चालायच्या, आणि बंदुकांचं काय केलंस, हे पॉलाने विचारलं तेव्हा कापल्या, एवढंच आर्लीनने सांगितलं होतं. पॉलाने तिचा दंड धरला होता, घट्ट. रॉडनीचा फोन येत नव्हता. नातेवाइकांकडून कळायचं, तो सांगत फिरतो की आईने बाबांच्या बंदुका पैशासाठी विकल्या. आर्लीनने ते तसंच राहू दिलं.

सप्टेंबरच्या शेवटी, एका दुपारी, ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना त्याचा फोन आला.

"शॉना गेली," तो म्हणाला. "मी कामावर असताना. कपडे घेऊन गेली. तू काय सांगितलंस तिला?"

आर्लीनने हातातला ओला टॉवेल बादलीत परत टाकला. शॉना आता त्या ट्रकमध्ये नव्हती. त्या घरात नव्हती. "तिला माहीत नसलेलं मी काही सांगितलं नाही," आर्लीन म्हणाली. "तुला सांगायचं राहिलं होतं. रॉडनी, तुझे बाबा टेबलाशी बसून बंदूक साफ करायचे ना, ते मला घाबरवायला करायचे. मी बोलू नये म्हणून."

तिला वाटलं होतं, तो ओरडेल, बापाची बाजू घेईल, फोन आपटेल. तिने त्यासाठी अंग आवळून घेतलं होतं.

"माहीत आहे," रॉडनी म्हणाला.

दोरीवरच्या चादरी वाऱ्याने तिच्या तोंडावर आल्या. तिने त्या बाजूला केल्या. "काय माहीत आहे?"

"सगळं. तू बोलायला लागायचीस, बाबा उठायचे. मला आधीच कळायचं. मी आधीच जाऊन चिंध्या काढून ठेवायचो." त्याचा आवाज रागाचा नव्हता. गणित अडलेल्या मुलासारखा होता. "पण तू राहिलीस ना? घर राहिलं. सगळे म्हणतात किती चांगलं घर होतं. तुला चालत होतं, मग हिला का चालत नाही?"

"मला नाही चाललं," आर्लीन म्हणाली. "एकही दिवस नाही चाललं, रॉडनी."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला सांगणार होते मी?"

मग त्याचा श्वास ऐकू आला, खूप जवळ, नाकाने ओढलेला.

"मी तिथेच तर बसलो होतो, आई," तो म्हणाला.